कारभाऱ्याचे कूळ आणि वतनाचे कागद

(येडशी येथील स्मृति-व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्याने दुसऱ्याच्या शेताच्या बांधावर उभे राहून तिसऱ्याकडून काम करवून घेतले, त्या माणसाचे स्वतःचे कूळ कोणते, ते कोठून आले आणि पुढे कोठे पांगले, हे शोधून काढता येते काय, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. राजेरजवाड्यांच्या वंशावळी लिहिल्या गेल्या, सरदारांच्या बखरी झाल्या, आणि अलीकडच्या शंभर-सव्वाशे वर्षांत पुण्याकडील अनेक घराण्यांनी आपापले कुलवृत्तान्तही छापले. परंतु कारभारी, मुकादम, दिवाणजी यांच्या वंशाची विचारपूस करण्याचे कोणाच्या फारसे मनात आलेले नाही. त्याने लिहून ठेवलेले हिशेब दफ्तरात राहतात, पण ते लिहिणारा हात कोणाचा होता ते मात्र दफ्तर सांगत नाही.

आरंभी आपल्या मुलखाबाहेरचे एक उदाहरण घेतो, कारण त्याच्या प्रकाशात आपल्याकडची स्थिती अधिक स्वच्छ दिसते. अमेरिकेतील व्हर्जिनिया प्रांतात माँटिसेलो नावाची एक मोठी इस्टेट आहे. तिचा धनी थॉमस जेफर्सन, म्हणजे स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा मसुदा करणारा आणि पुढे त्या देशाचा तिसरा अध्यक्ष झालेला पुरुष. मनुष्यमात्राच्या समतेचा उद्घोष करणाऱ्या या विद्वानाने आपल्या आयुष्यात सहाशेहून अधिक माणसे गुलाम म्हणून बाळगली, हा त्याच्या चरित्रातील विरोध प्रसिद्धच आहे. त्याच्या शेतांवर देखरेखीसाठी नेमलेल्या माणसांपैकी दोघांची हकीकत पाहण्यासारखी आहे. एडमंड बेकन हा गोरा, पगारी नोकर. १८०६ पासून १८२२ पर्यंत त्याने माँटिसेलोची देखरेख केली, नंतर तो केंटकीकडे निघून गेला, आणि म्हातारपणी एका पाद्रीसाहेबाने त्याच्या आठवणी ऐकून १८६२ साली त्या छापल्या नसत्या तर त्याच्या खासगी आयुष्याविषयी आपणांस फारच थोडे कळले असते. दुसरा जॉर्ज ग्रेंजर, ज्याला तेथे थोरला जॉर्ज म्हणत. हा स्वतःच गुलाम होता, आणि तरीही १७९७ साली त्याला शेतावरचा मुख्य देखरेख्या नेमण्यात आले. माँटिसेलोत या पदावर बसलेला तो एकमेव गुलाम होय. त्याला सालीना वीस पौंड मिळत. दोन-अडीच वर्षांत, १७९९ च्या अखेरीस, तो मरण पावला.

आता गंमत पाहा, अर्थात गंमत म्हणण्यासारखी ती नाही. स्वतंत्र, गोऱ्या, पगारी बेकनपेक्षा या थोरल्या जॉर्जचे कुटुंब कागदावर अधिक ठळकपणे उभे राहते. त्याची बायको अर्सुला, मुलगे जॉर्ज, बॅगवेल आणि आयझॅक, त्यांची जन्मवर्षे, त्यांना वाटलेले कापड, घोंगड्या आणि धान्य, हे सर्व जेफर्सनच्या १७७४ पासून ठेवलेल्या शेतीच्या वहीत नमूद आहे. ते का नमूद आहे? कारण ही माणसे धन्याची मिळकत होती, आणि मिळकतीची मोजदाद प्रत्येक धनी करतो. पुढे आयझॅकने स्वतंत्र माणूस म्हणून १८४०-५० च्या दशकात आपल्या आठवणी सांगितल्या, त्या एकाने उतरवून घेतल्या आणि शंभर वर्षांनी, १९५१ साली, त्या प्रसिद्ध झाल्या. १९९३ पासून माँटिसेलोतील संशोधक या गुलाम कुटुंबांच्या हयात वंशजांना गाठून त्यांच्या घरच्या आठवणी टिपू लागले. धन्याची वही आणि वंशजांची जीभ, या दोहोंचा मेळ घालून तेथे एका देखरेख्याचे कूळ पुन्हा उभे केले गेले.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते, आणि आज मला जे काही सांगावयाचे आहे ते मुख्यतः एवढेच आहे. वंश केवळ आठवणीच्या बळावर कागदावर टिकत नाही. मिळकतीच्या बळावर टिकतो. तेथे माणूसच मिळकत होता, म्हणून त्याचे नाव उरले. आपल्याकडे पद ही मिळकत होती, म्हणून त्या पदावर बसलेल्यांची नावे उरली. आणि जो ना स्वतः कोणाची मिळकत होता ना ज्याचे पद मिळकत होते, असा साधा नोकर दोन्ही मुलखांत चाळणीतून गळून गेला.

आपल्याकडच्या या मिळकतीला वतन म्हणतात. पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी, देशपांडेपण, आणि गावगाड्याच्या दुसऱ्या टोकाला महारकी, ही सारी वतनेच होत. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या 'गावगाडा' या ग्रंथात या व्यवस्थेचे जे वर्णन केले आहे, त्याहून अधिक जिवंत वर्णन मराठीत मला आढळलेले नाही. तो ग्रंथ वाचताना लेखकाची वतनदारांवरील नाराजी ठिकठिकाणी जाणवते, आणि मला तर ती त्या ग्रंथाची खोड न वाटता त्याचे बळच वाटते. वतन वंशपरंपरेने चाले, ते विकता येई, गहाण टाकता येई, आणि भाऊबंदांत वाटताही येई. साहजिकच ते कोणाचे, हा प्रश्न पिढ्यानुपिढ्या भांडणाचा विषय झाला. आणि भांडण झाले म्हणजे करीना लिहिला जाई. करीना म्हणजे आपल्या पूर्वजांपासून वतन आपल्याकडे कसे चालत आले याची वादीने वा प्रतिवादीने मांडलेली तपशीलवार हकीकत. रोहिडखोऱ्याच्या देशमुखांचा जेधे करीना इतिहासाच्या प्रत्येक अभ्यासकाला ठाऊक आहे. शिवकालाचे साधन म्हणून आपण तो वाचतो, परंतु त्याचा जन्म इतिहासाच्या जिज्ञासेतून झालेला नाही. तो वतनाच्या चिंतेतून झाला.

करीना मांडला गेल्यावर गोतसभा बसे, देशक व बलुते जमत, साक्षी होत, आणि निवाडा झाला म्हणजे महजर लिहिला जाई. क्वचित साक्षीपुराव्याने निकाल लागेना तेव्हा दिव्य करण्याची पाळी येई, उकळत्या तेलातून धातूचा तुकडा हाताने उचलून काढण्याचे रवादिव्य त्यांपैकी विशेष रूढ होते. हरणाऱ्याकडून येजितखत, म्हणजे हार कबूल केल्याचा लेख, लिहून घेतले जाई. या न्यायपद्धतीचा साक्षेपी अभ्यास डॉ. वि. त्र्यं. गुणे यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून १९५३ साली प्रसिद्ध केला, आणि पुढे जपानमधून आलेल्या हिरोशी फुकाझावा यांच्यासारख्या पंडिताने दख्खनच्या वतनव्यवस्थेवर आयुष्य वेचले. टोकियोच्या विद्यार्थ्याला आमच्या पाटलाच्या महजराचे अगत्य वाटावे, आणि आमच्या घरातील बासनाला मात्र वाळवीखेरीज वाचक मिळू नये, या वस्तुस्थितीवर अधिक काही बोलत नाही.

महजर वाचण्याची एक रीत मी तरुण अभ्यासकांना नेहमी सुचवितो. तो खालून वर वाचावा. वर मायन्यात बादशहा, वजीर, हवालदार, देशमुख यांची नावे असतात, मध्ये वादीप्रतिवाद्यांचे पूर्वज असतात, आणि त्यातील कित्येक पूर्वज, स्पष्टच सांगावयाचे तर, सोयीप्रमाणे वाढविलेले वा गाळलेले असतात. बनावट कागद करण्याची कला आपल्याकडे फार जुनी आहे. परंतु तळाशी जी साक्षीदारांची यादी असते, तिच्यात लबाडी करण्याचे कोणास फारसे कारण नसते. तेथे सुतार, लोहार, चांभार, महार, गुरव, मुलाणा असे सारे गाव ओळीने उभे असते. ज्याला लिहिता येत नाही त्याची निशाणी, पाटलाचा नांगर आणि बलुतेदाराचे ज्याचे त्याचे हत्यार, कागदावर रेखाटलेली असते. ज्यांच्या वंशावळी कोणी लिहिल्या नाहीत अशा कुळांचा पहिला लेखी पुरावा पुष्कळदा एवढाच असतो. दुसऱ्याच्या हक्काला साक्ष द्यावयास आले म्हणून त्यांची नावे आपणांपर्यंत पोहोचली.

आता आपल्या या भागाकडे वळतो. बालाघाटाच्या कडेवर वसलेल्या येडशीतून जो कोणी आपल्या घराण्याचा माग काढू जाईल, त्याला एकाच दफ्तरावर भागवता येणार नाही, कारण या मुलखाने धनी फार बदलले. निजामशाही, आदिलशाही, मोगलाई, मग आसफजाही. त्यातच पेशवाईच्या काळी चौथाई-सरदेशमुखीच्या निमित्ताने एकाच गावावर दोन सत्तांचे अंमलदार फिरत, ज्या प्रकाराला दुअमली असे अन्वर्थक नाव होते. १८५३ च्या तहाने नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख निजामाने कंपनी सरकारच्या हवाली केला. त्याचा कारभार पाहावयास आलेला मेडोज टेलर हा कादंबरीकार म्हणून आधीच विख्यात झालेला होता. १८६० साली हा प्रदेश पुन्हा निजामाकडे गेला, पहिल्या सालारजंगांच्या कारकिर्दीत जिल्हाबंदी झाली, पुढे कारभार फार्सीतून उर्दूत आला, आणि १९४८ च्या सप्टेंबरनंतर तो मराठीत येऊ लागला. म्हणजे एकाच पाटील घराण्याच्या सात पिढ्या शोधावयाच्या तर फार्सी, मोडी, इंग्रजी, उर्दू आणि बाळबोध, एवढ्या सगळ्यांशी थोडीफार ओळख असलेली मंडळी हवीत. एका माणसाच्या अंगी हे सर्व असणे आज दुर्मीळ आहे. म्हणून हे काम चारचौघांनी मिळून करावयाचे आहे.

कालगणनेचीही अशीच अडचण. मोडी कागदावर सुहूर सन अरबी शब्दांत लिहिलेला असतो. 'खमस सबैन अलफ' असे आढळले तर ते एक हजार पंचाहत्तर, आणि त्यात ५९९ मिळविले म्हणजे १६७४-७५ हे इसवी साल येते. निजामी कागदावरील फसली सनात मात्र ५९० मिळवावे लागतात. या दोन सनांची गल्लत केल्यामुळे पणजोबा आपल्या बापाच्या आधी जन्मास आल्याच्या वंशावळी मी पाहिल्या आहेत.

कागद कोठे पाहावयाचे, हेही थोडक्यात सांगतो. उलट क्रमाने चालावे. प्रथम सातबारा व फेरफार, मग १९५४-५५ च्या सुमाराची खासरा पत्रके, शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर, त्यामागे निजामी महसुलाचे उर्दू कागद. हैदराबादच्या दफ्तरखान्यात दख्खनच्या मोगलाईतील शाहजहान-औरंगजेबाच्या काळापर्यंतचे फार्सी कागद आहेत. पेशव्यांच्या अंमलाचे कागद पुण्याच्या पेशवे दफ्तरात. याखेरीज नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, प्रयाग येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या, ज्यांत यात्रेकरूने स्वतःच्या हाताने वा उपाध्यायाकरवी बापआजाची नावे लिहिलेली असतात. सोलापूर, सांगली, कोल्हापूरकडे सुगीनंतर नंदीवर बसून येणारे हेळवी कुळाची नावे म्हणून दाखवितात व त्याबद्दल धान्य घेऊन जातात. त्यांच्या वहीला न्यायालयात कितीही कमी किंमत असो, शोधकाने तिला तुच्छ लेखू नये.

येथवर ज्या कुळांची गोष्ट झाली त्यांना वतन भूषण वाटत होते. परंतु याच वतनाची दुसरी बाजू या येडशीपासून हाकेच्या अंतरावर एकदा मोठ्या सभेपुढे उघड झाली, आणि तिचे स्मरण केल्यावाचून हा विषय पुरा होणार नाही. बार्शी लाईट रेल्वे १९०७ साली ज्या कसबे तडवळ्यापर्यंत पोहोचली, त्याच तडवळ्यास १९४१ च्या फेब्रुवारीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदार परिषद भरली होती. निजामाच्या राज्यात, रेल्वेच्या एका लहानशा ठाण्याच्या गावी, वतनदारांनी एकत्र येऊन आपल्याच वतनाचा विचार करावा, ही घटना मला विलक्षण वाटते. पाटलाच्या दृष्टीने वतन म्हणजे मान, जमीन आणि वंशाची सनद. महाराच्या दृष्टीने तेच वतन म्हणजे तुटपुंजी जमीन, बलुत्याची भाकर, आणि त्यांच्या बदल्यात रात्री-अपरात्री सांगावा घेऊन धावणे, अंमलदाराच्या घोड्यापुढे चालणे, वेशीवर पहारा करणे. हे काम एका माणसाचे नसे, अख्ख्या कुटुंबाचे असे. बाप आजारी पडला की मुलाने जावे, मुलगा गावी नसला तर त्याच्या आईने जावे. मुंबईच्या विधिमंडळात बाबासाहेबांनी १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक १९२८ सालीच आणले होते. ज्या पदामुळे माणूस पिढ्यान्‌पिढ्या कागदावर टिकला, त्याच पदाने त्याला पिढ्यान्‌पिढ्या गावाच्या दारात बांधून ठेवले होते.

थोरल्या जॉर्जची मी जी हकीकत सांगितली तिच्याशी आपल्या गावगाड्यातील खरे साम्य येथे आहे, पाटलाच्या वाड्यात नाही. गुलामगिरी आणि महारकी एकच, असे मी म्हणत नाही. महाराला बाजारात विकता येत नव्हते, त्याच्या वतनावर त्याचा हक्क होता आणि त्यासाठी तो पाटलाविरुद्धही भांडत होता. पण नाव टिकण्याची किंमत दोघांनीही एकाच प्रकारे मोजली. म्हणून ज्या कुटुंबांच्या पूर्वजांची नावे महारकीच्या कागदांत आहेत, त्यांनी ती शोधताना अवघडून जाऊ नये, असे मला मनापासून वाटते. माँटिसेलोच्या वहीत आपल्या खापरपणजीपुढे कापडाचे वार मांडलेले पाहून तिच्या वंशजांना काय वाटले असेल त्याची कल्पना आपण करू शकतो. तरीही त्यांनी त्या वहीकडे पाठ फिरविली नाही.

आता त्या कारभाऱ्याकडे येतो, ज्याचे नाव व्याख्यानाच्या मथळ्यात आहे आणि ज्याला मी इतका वेळ बाजूस उभे ठेवले आहे. मराठवाड्यातील देशमुखी-इनामदारी वाड्यांतून शेकडो एकरांची शेती कारभाऱ्यांच्या हाती असे. सालगड्यांशी गुढीपाडव्याला साल ठरविणे, बैलबारदाना पाहणे, राशीला उभे राहणे, पेवात धान्य टाकणे व काढणे, सावकाराकडे व कचेरीत जाणे, हे सारे त्याच्याकडे. तो वतनदार नव्हता. त्याचे पद धन्याच्या मर्जीवर होते, म्हणून त्याने करीना लिहिला नाही, त्याच्यासाठी गोत बसले नाही आणि दिव्य करण्याचा प्रसंग त्याच्यावर आला नाही. त्याला शोधावयाचा तर धन्याच्या रोजमेळात शोधावा लागतो. तेथे रकमेपुढे 'हस्ते' म्हणून त्याचे नाव येते, बहुधा एकेरी, बापाचे नाव नाही, आडनाव नाही. पाच-दहा वर्षे तेच नाव त्या जागी येत राहते. मग एका पाडव्यानंतर दुसरेच येऊ लागते. तो मेला, की त्याला काढले, की लातूरच्या अडत्याकडे जास्त पगारावर गेला, हे रोजमेळ सांगत नाही. अशा कारभाऱ्याचा वंशज आज या सभेत बसलेला असण्याचा संभव पुष्कळ आहे, आणि त्याला स्वतःलाही ते ठाऊक नसेल.

मग करावयाचे काय? दोन कागद एकमेकांशेजारी ठेवावे लागतात. रोजमेळातील एकेरी नाव, आणि त्याच काळातील खरेदीखत वा गहाणखत, ज्यावर साक्षीदार म्हणून सही करताना त्याच माणसाला बापाचे नाव, गाव व धंदा लिहावा लागला. एकदा बापाचे नाव हाती लागले म्हणजे तीर्थाची वही उघडता येते. याखेरीज वाड्यातील म्हाताऱ्या माणसांची स्मृती. मालकांना कारभाऱ्याचे आडनाव आठवत नाही, पण स्वयंपाकघरातील म्हातारीला त्याची बायको कोणत्या गावची होती हे नक्की आठवते, असा माझा अनुभव आहे.

पाटलांचे पद १९६२ च्या कायद्याने गेले, कुलकर्णी वतने जुन्या मुंबई राज्यात १९५० च्या कायद्याने गेली, आणि वंशावळीचे महत्त्व आता संपले असे सर्वांना वाटू लागले. परंतु तसे झाले नाही. २०२३ च्या सप्टेंबरात न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातील निजामकालीन कागदांत कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना एकाएकी भाव आला, तहसील कचेऱ्यांतून बासने सुटली. मराठा आरक्षणाच्या त्या प्रश्नाच्या राजकीय गुणदोषांत शिरण्याचे हे स्थान नव्हे. माझ्या विषयापुरते निरीक्षण एवढेच की, शेकडो वर्षांपूर्वी करीना लिहिणाऱ्याने जे केले तेच आज प्रतिज्ञापत्राला वंशावळ जोडणारा करतो. हक्काचा प्रश्न आला, आणि आजा-पणजा पुन्हा जागे झाले. यात वाईट काहीच नाही, उलट या निमित्ताने जे कागद उजेडात येत आहेत ते अन्यथा आणखी पन्नास वर्षे तसेच कुजले असते. केवळ एक मागणे आहे. ज्या पानावर आपल्याला हवी ती नोंद मिळाली त्या पानाची नक्कल घेताना त्याच पानावरील इतर नावांचीही नक्कल करून ठेवावी. ती दुसऱ्या कोणाची तरी एकमेव नोंद असेल.

मुलींविषयी एक वाक्य बोललो नाही, तर हे व्याख्यानही जुन्या वंशावळीसारखेच अपुरे ठरेल. वतनाच्या वंशवृक्षांत मुली नसत. १९५६ चा वारसा कायदा आला, महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत बरोबरीचा वाटा दिला, त्यानंतर फेरफारांत बहिणींची नावे दिसू लागली. आणि कित्येकदा दुसऱ्याच फेरफारात हक्कसोडपत्राने ती कमी झालेली दिसतात. पुढील शतकातील शोधकाला आमच्या काळातील अनेक स्त्रियांची नावे त्यांनी आपला हक्क सोडला त्या एकाच कागदावर सापडतील.

शेवटी आजच्या मुकादमाविषयी. धाराशिव-बीडच्या गावांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिमेकडे निघतात. टोळीचा मुकादम कारखान्याकडून वा वाहतूकदाराकडून उचल घेतो, ती कोयत्यांना वाटतो, आणि फडावर उभा राहून काम करवून घेतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाजवळ एक वही असते. कोणत्या कोयत्याने किती उचल घेतली, किती फेडली, किती पुढील हंगामावर गेली, हे तो तीत लिहितो. मजुराचे नाव, गाव, बरोबरची बायको, कधी मुलेही. हंगाम फिटला की वही टाकून दिली जाते, किंवा भांडण झाल्यास मुद्दाम फाडली जाते. येडशीसारख्या रस्त्यावरच्या आणि रेल्वेच्या गावात अशा वह्या कोणाकोणाच्या माळ्यावर पडून असतील. या व्याख्यानमालेच्या चालकांना माझी विनंती आहे की, जुन्या मोडी कागदांसाठी आपण जे कपाट करणार आहात त्यात एक खण या वह्यांसाठी ठेवावा. देणाऱ्याची इच्छा असेल तर त्या ठरावीक मुदतीपर्यंत बंद ठेवाव्यात, कारण त्यांत माणसांच्या देण्याघेण्याचे तपशील आहेत. आणि घेताना वही देणाऱ्या मुकादमाचे स्वतःचे, बापाचे, आजाचे आणि आईच्या माहेरचे नाव पहिल्या पानावर लिहून घ्यावे.